पेट्रोल गाडीचे मिसिंग : घरच्या घरी निदान आणि दुरुस्ती

सिग्नलला उभी असलेली गाडी मधूनमधून अंग झटकल्यासारखी हलू लागली, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पिकअप घेण्याऐवजी धक्के खाऊ लागली आणि त्यातच मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर इंजिनातील एखादा सिलिंडर आपल्या पाळीला पेट घेत नाही, म्हणजेच गाडी मिसिंग करते आहे, असे बहुतेक वेळा समजावे. चार सिलिंडरचे इंजिन ८०० आरपीएमवर निवांत चालत असते तेव्हा प्रत्येक सिलिंडरने मिनिटाला ४०० वेळा पेट घेणे अपेक्षित असते. त्यांतल्या थोड्या जरी खेपा चुकल्या तरी स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला ते जाणवते. पेट घेण्यासाठी तीन गोष्टी लागतात : वेळेवर पडणारी जोरकस ठिणगी, योग्य प्रमाणातील हवा-पेट्रोलाचे मिश्रण आणि ते मिश्रण दाबून धरणारे कॉम्प्रेशन. दोष या तिहींपैकी कशात आहे हे ठरवणे हेच खरे काम असून भाग बदलणे त्या मानाने सोपे असते. अनेकदा नेमके उलट घडते. आधी प्लग बदलले जातात, मग ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारी कॉइल, मग पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची सफाई होते, आणि भरपूर बिल झाल्यावर एखाद्या फाटक्या रबरी नळीपाशी शोध थांबतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार टाळायचा असेल, तर एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर दोष जागचा हलला की नाही हे पाहूनच पुढे जावे.

पुढील विवेचन पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांपुरते आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसल्यामुळे तिथला शोध वेगळ्या वाटेने जातो.

दिवा लुकलुकत असेल तर

इंजिनाचा दिवा स्थिर लागणे आणि तो लुकलुकणे यांत मोठा फरक आहे. स्थिर दिव्याचा अर्थ ईसीयूने (इंजिनावर लक्ष ठेवणाऱ्या संगणकाने) दोष नोंदवून ठेवला आहे इतकाच असतो, आणि गाडी बेताने चालवत घरी आणता येते. दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग इतके जास्त आहे की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळत आहे, आणि त्या उष्णतेने कन्व्हर्टरची आतील जाळी वितळू शकते. शे-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हजारो रुपयांचा कन्व्हर्टर घालवण्याची ही वेळ असते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी, ती वाळलेल्या गवतावर मुळीच उभी करू नये आणि शक्य असेल तर टो करूनच घरी आणावी.

प्रत्येक थरथर म्हणजे मिसिंग नव्हे, हेही आधीच लक्षात घेतलेले बरे. तीन सिलिंडरची इंजिने आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून निवांत चालत असताना, मुळातच थोडी थरथरतात, आणि इंजिन माउंटिंगचे रबर बसले की ती थरथर थेट केबिनमध्ये येते; पण अशी थरथर एका लयीत असते, तर मिसिंगचा झटका बेताल येतो. सायलेन्सरच्या तोंडापासून चार बोटे अंतरावर कागदाची पट्टी धरली असता निरोगी इंजिनात ती एकसारखी बाहेर फडफडते. मिसिंग असेल तर फडफड मध्येच तुटते आणि कधीकधी पट्टी क्षणभर आत ओढली जाते. ही परीक्षा जुनी आणि फुकटची आहे, आणि ती मोकळ्या हवेतच करावी.

कोणता सिलिंडर

हल्लीच्या गाड्यांत दोषी सिलिंडर शोधण्याचे काम ईसीयूने आधीच करून ठेवलेले असते. क्रँकशाफ्टवरील दातेरी चाकाचा प्रत्येक दात सेन्सरसमोरून जायला किती वेळ लागतो हे तो सतत मोजतो. ज्या सिलिंडरच्या पाळीला क्रँकची गती किंचित मंदावते, त्याच्या नावावर चूक मांडली जाते. भारतात बीएस-४ मानकाच्या गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही दोष नोंदवून कोडच्या रूपात दाखवणारी यंत्रणा बंधनकारक झाली, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट सापडते. त्यात बसणारा ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ अडॅप्टर स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवरील अ‍ॅपच्या साहाय्याने कोड वाचता येतात.

पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असा क्रम चालतो. पी०३०० असेल तर दोष एका सिलिंडरला चिकटलेला नसून इकडून तिकडे फिरतो आहे, आणि तेव्हा सर्व सिलिंडरांना समाईक असलेल्या गोष्टींकडे, म्हणजे हवेची गळती, पेट्रोलचा दाब किंवा खराब पेट्रोल यांच्याकडे, आधी पाहावे. सोबत पी०३५१ ते पी०३५४ यांपैकी कोड असेल तर त्या त्या कॉइलचे सर्किट संशयास्पद असते, पी०२०१ ते पी०२०४ असेल तर इंजेक्टरचे, आणि पी०१७१ असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. कोड पुसण्याची घाई करू नये. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ नावाची नोंद असते; दोष घडला त्या क्षणी आरपीएम, वेग, इंजिनावरचा भार आणि कूलंटचे तापमान किती होते हे तिच्यात दिसते. तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण दुरुस्तीनंतर गाडी नेमक्या त्याच परिस्थितीत चालवून पाहायची आहे. खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यावरही चाकांचे हिसके क्रँकपर्यंत पोहोचतात आणि ईसीयू क्वचित फसतो. त्यामुळे गाडी एरवी सुरळीत चालत असताना एखादाच पी०३०० दिसला तर तो पुसून पुन्हा येतो का ते पाहणे पुरेसे आहे.

आता पहिला सिलिंडर कोणता हे ठरवावे. आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत फॅन बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला असतो. फ्रेंच बनावटीच्या काही इंजिनांत मोजणी गिअरबॉक्सच्या बाजूने सुरू होते, म्हणून मॅन्युअल पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

ओबीडी नसलेल्या जुन्या गाड्यांत चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर उपसून पाहण्याची रीत होती. ज्या वायरीने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाड्यांत हे करू नये. कॉइलमधून २०,००० ते ४०,००० व्होल्टचा दाब बाहेर पडतो, तो हाताला झटका देतो, कॉइल खराब करू शकतो, आणि ठिणगी थांबली तरी इंजेक्टर पेट्रोल सोडतच राहिल्याने कन्व्हर्टरवर ताण येतो. इंजेक्टरचा कनेक्टर हाती लागत असेल तर तो क्षणभर काढून पाहावा. ठिणगीऐवजी पेट्रोल बंद होते आणि निष्कर्ष तोच मिळतो. थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीचे तापमान इन्फ्रारेड गनने मोजले तरी मेलेल्या सिलिंडरची नळी इतरांपेक्षा थंड असल्याचे कळते. कोविडच्या काळात घरोघरी आलेली, कपाळाचा ताप मोजणारी गन मात्र इथे उपयोगाची नाही. तिची मोजपट्टी माणसाच्या तापापलीकडे जात नाही.

पाना हातात घेण्यापूर्वी

बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात दहा मिनिटे नुसते पाहण्याने कधीकधी सगळे काम संपते. आपल्याकडे पहिला संशयित उंदीर असतो. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरलेले उंदीर इंजेक्टर आणि कॉइल यांच्या वायरी कुरतडतात. लेंड्या, कापसाचे तुकडे, वायरीच्या रंगीत प्लॅस्टिकचा भुगा दिसला की त्या भागातील वायरिंग बोटांनी चाचपून पाहावे. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवावी, कारण इंजिनाच्या उष्णतेत टेपचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो.

दुसरा संशयित पाणी. गाडी जोरदार फवाऱ्याने धुतल्यानंतर किंवा मुसळधार पावसात उभी राहिल्यानंतर मिसिंग सुरू झाले असेल, तर ज्या खोबणीत प्लग बसतो तिथे पाणी साचलेले असू शकते. कॉइलचा कनेक्टर नीट लॉक झाला आहे का, त्याच्या पिना हिरवट पडल्या आहेत का, एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतची नळी घड्यांमध्ये चिरली आहे का आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी सैल आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. बॅटरीचे व्होल्टेज गाडी बंद असताना साधारण १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान असावे. डिस्ट्रिब्युटर (एकाच कॉइलची वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) आणि हाय टेन्शन वायरी असलेली जुनी गाडी असेल, तर अंधारात इंजिन चालू करून वायरींवर दुरून पाण्याचा बारीक फवारा मारावा. तडकलेल्या वायरीवरून निळसर ठिणग्या पळताना डोळ्यांना दिसतात.

प्लग काढणे आणि वाचणे

प्लग नेहमी थंड इंजिनावरच काढावेत. सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, आणि गरम हेडमधून प्लग ओढला तर त्याच्यासोबत आटेही निघून येतात. त्या दुरुस्तीसाठी लागणारा खर्च आणि मनस्ताप यांची तुलना मिसिंगशी होऊच शकत नाही. साहित्य म्हणून रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, गाडीप्रमाणे १४, १६ किंवा २१ मिलिमीटरची प्लग गोटी, कॉइलच्या बोल्टसाठी बहुधा १० मिलिमीटरची गोटी, फिलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पट्ट्या) आणि शक्य असल्यास टॉर्क पाना इतके पुरे. इग्निशन बंद करून किल्ली खिशात ठेवावी.

कॉइलच्या कनेक्टरची खिट्टी उष्णतेने ठिसूळ झालेली असते, म्हणून ती आधी आत दाबावी आणि मग कनेक्टर ओढावा. वायरीला धरून कधीही ओढू नये. बोल्ट काढल्यावर कॉइल थोडी डावीउजवीकडे फिरवली की रबराची पकड सुटते आणि ती सरळ वर येते. प्लग सैल करण्यापूर्वी सायकलच्या पंपाने खोबणीत हवा मारून वाळू आणि कचरा उडवून लावावा, नाहीतर प्लग निघताच तो कचरा थेट सिलिंडरमध्ये पडतो. काढलेले प्लग वर्तमानपत्रावर सिलिंडरचा आकडा लिहून त्याच क्रमाने मांडून ठेवावेत. क्रम हरवला तर पुढचे वाचन निरर्थक ठरते.

चांगल्या सिलिंडरच्या प्लगचे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असते. कोरडी, हाताला लागणारी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी अशक्त आहे. टोक पेट्रोलने ओले असेल आणि वास येत असेल, तर पेट्रोल पोहोचले पण पेटले नाही, म्हणजे संशय ठिणगीवर किंवा कॉम्प्रेशनवर जातो. टोक पांढरेफटक आणि फोड आल्यासारखे दिसले तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आहे, किंवा प्लग चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेचा) आहे. तेलाच्या बाबतीत जागा पाहावी : तेल फक्त वरच्या बाजूला, प्लगच्या षटकोनाभोवती असेल तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग किंवा प्लगच्या नळीचे सील गळते आहे, आणि हे काम घरी होण्यासारखे आहे, तेच तेल टोकावर जळून चिकटले असेल तर पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्या आहेत. चारांपैकी एकच प्लग संशय यावा इतका स्वच्छ, धुतल्यासारखा निघाला तर हेड गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता असते. रेडिएटरच्या टाकीतील पातळी पुन्हापुन्हा घटते का आणि सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो का, हे त्या जोडीला पाहावे.

यानंतर प्लगची पांढरी सिरॅमिक दांडी पुसून उजेडात फिरवून पाहावी, कारण सर्वांत जास्त वेळा हुकणारी खूण इथेच असते. दांडीवर वरून खाली गेलेली केसासारखी काळी रेघ दिसली तर वीज प्लगच्या टोकाकडे न जाता दांडीवरून घसरत धातूच्या कडेला जात होती. ही रेघ पुसली जात नाही. अशी रेघ असेल तर कॉइलच्या रबरी टोपीच्या आतही तिची जोडीदार रेघ सापडते, आणि म्हणूनच नुसता प्लग बदलला तर काही आठवड्यांत नव्या प्लगवर तशीच रेघ उमटते. प्लग आणि टोपी, किंवा टोपी सुटी मिळत नसेल तर अख्खी कॉइल, एकत्रच बदलावी लागते. याउलट धातूच्या कडेलगत दांडीभोवती दिसणारे तपकिरी कडे निरुपद्रवी असते. ते पाहून चांगले प्लग फेकून दिले जातात, इतका त्याचा गैरसमज रूढ आहे.

साध्या निकेलच्या प्लगचे आयुष्य साधारण २० ते ४० हजार किलोमीटर असते, तर इरिडियम प्लग ८० हजार ते १ लाख किलोमीटरपर्यंत टिकतात. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती प्लगच्या टोकाची फट, फिलर गेजने मोजावा. पुष्कळ गाड्यांत तो ०.८ ते १.१ मिलिमीटर यांच्या दरम्यान असतो, मात्र नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्यावा. गॅप जुळवताना फक्त बाहेरची वाकडी पट्टी हलकेच वाकवावी. इरिडियम प्लगच्या मधल्या सुईसारख्या टोकाला गेज टेकवून जोर दिला तर ते तुटते.

अदलाबदलीची चाचणी

समजा, पी०३०३ हा कोड आला आहे आणि प्लग पाहून काही निर्णायक कळले नाही. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवावी. प्लग, वायरिंग, दुसरे काहीही हलवू नये. कोड पुसावा आणि फ्रीझ फ्रेममध्ये जशी नोंद होती तशा परिस्थितीत, म्हणजे इंजिन तितकेच गरम असताना आणि तितक्याच भारावर, गाडी चालवावी. आता पी०३०१ आला तर दोष कॉइलसोबत चालत गेला. कॉइल बदलली की काम संपले. पी०३०३ कायम राहिला तर कॉइल निर्दोष आहे, म्हणून आता तिसऱ्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरमध्ये आणि दुसऱ्याचा तिसऱ्यामध्ये घालून तीच चाचणी करावी. पी०३०२ आला तर प्लग, आणि तरीही पी०३०३ हटला नाही तर ठिणगीचा विषय संपला. दोष त्या सिलिंडरच्या वायरिंगमध्ये, इंजेक्टरमध्ये किंवा कॉम्प्रेशनमध्ये आहे. एक पैसाही खर्च न करता इतकी खात्री देणारी दुसरी चाचणी नाही, आणि कॉइल व प्लग एकदम हलवून तिचे महत्त्व घालवू नये.

मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यावर विसंबू नये. अनेक कॉइलींमध्ये इग्नायटर (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) आतच असतो आणि तो रोध बाहेरून मोजताच येत नाही. शिवाय कॉइल बिघडते ती गरम झाल्यावर, भाराखाली, आणि टेबलावर थंड पडलेली तीच कॉइल अगदी चांगला आकडा दाखवते. दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल असलेल्या इंजिनांत पहिला आणि चौथा किंवा दुसरा आणि तिसरा असे जोडीने मिसिंग आले तर कॉइल पॅकवर संशय घ्यावा. जोडीतला एकच सिलिंडर चुकत असेल तर वायर किंवा प्लग पाहावा.

प्लग बदलायचे तर पूर्ण संच बदलावा, कारण चारही सारखेच वापरलेले असतात. कॉइल मात्र दोषी तेवढीच बदलावी. चारही कॉइल एकदम बदलण्याचा आग्रह गिऱ्हाइकापेक्षा दुकानदाराच्या हिताचा असतो. नामांकित प्लगांच्या हुबेहूब नकला बाजारात असल्यामुळे खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी.

नवा प्लग बसवताना त्याच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा खोचून तो बोटांनी फिरवत आत घालावा. आटा तिरका लागला तर नळी निसटते आणि नुकसान टळते. रॅचेटने सुरुवात कधीही करू नये. प्लग हाताने टेकल्यावर वॉशर असलेला नवा प्लग सुमारे अर्धा फेरा आवळावा. टॉर्क पाना असेल तर १४ मिलिमीटर आट्याच्या प्लगला साधारण २० ते २५ न्यूटन मीटर आणि १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० न्यूटन मीटर इतका ताण लागतो. मुलामा दिलेल्या आट्यांना ग्रीस लावू नये, कारण गुळगुळीत आट्यावर तोच ताण दिला तरी प्लग जास्त आवळला जातो. कॉइलच्या रबरी टोपीच्या तोंडाशी आतून डायलेक्ट्रिक (वीज वाहू न देणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर दिला तर पावसाचे पाणी आत जात नाही आणि पुढच्या वेळी टोपी फाटत नाही.

हवा आणि पेट्रोल

ठिणगी निर्दोष ठरली की स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो आहे तो आकडा, पाहावा. इंजिन गरम असताना लाँग टर्म (दीर्घकालीन) ट्रिम शून्याच्या आसपास, अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असावा. आयडलला तो अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २,५०० आरपीएमला पुन्हा जवळपास शून्यावर येत असेल, तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी चोरून हवा आत येते आहे. उलट आयडलला ठीक आणि भार वाढला की वाढत जाणारा ट्रिम म्हणजे पेट्रोल पुरेसे पोहोचत नाही. पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. हवेचे मोजमाप मॅप सेन्सरने (इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या सेन्सरने) करणाऱ्या गाड्यांत गळतीमुळे ट्रिम फारसा न वाढता आयडलच चढलेला दिसतो, हे ध्यानात असावे.

गळती शोधण्यासाठी चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत प्रचलित आहे, पण तो द्रव ज्वालाग्राही असतो आणि गरम एक्झॉस्ट हातभर अंतरावर असतो. झाडांना पाणी मारण्याच्या फवाऱ्याने इनटेक मॅनिफोल्डच्या जोडांवर आणि रबरी नळ्यांवर थोडे पाणी मारले तरी चिरेवर पाणी पडताच इंजिनाचा सूर क्षणभर बदलतो. फवारा कॉइल आणि कनेक्टर यांच्यापासून दूर ठेवावा. ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी गळत असेल तर मिसिंगबरोबर ब्रेकचे पेडलही घट्ट लागते, आणि तेव्हा गाडी चालवून पाहण्याचा मोह टाळावा. एअर फिल्टर मळला म्हणून एकच सिलिंडर चुकतो असे होत नाही. तो बदलण्यात वाईट काही नाही, पण त्याला निदान म्हणू नये.

पंपावर पेट्रोल भरल्यानंतर लगेच मिसिंग सुरू झाले असेल, तर ती वेळ जुळून आली असे समजू नये. आपल्याकडील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल थोडे पाणी पोटात घेते, पण टाकीत पाणी मर्यादेपेक्षा जास्त शिरले की पाणी आणि इथेनॉल यांचा जड थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि पंप तळातूनच ओढतो. अशी टाकी गॅरेजमध्ये रिकामी करून घ्यावी; घरात, पार्किंगच्या तळघरात पेट्रोल काढण्याचे धाडस करू नये. भरल्याची पावती जपून ठेवावी.

इंजेक्टर चालतो का हे ऐकून कळते. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवली की स्पष्ट टकटक ऐकू येते. एकाची टकटक नसेल किंवा बोथट असेल तर त्याचा कनेक्टर काढून रोध मोजावा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरचा रोध बहुधा ११ ते १६ ओहम असतो. ओढणी, सैल बाह्या आणि फॅन बेल्ट यांची गाठ पडू नये याची काळजी घ्यावी. इंजेक्टर उपसून अदलाबदल करणे मात्र सवय नसेल तर घरी करू नये, कारण रेलमध्ये ३ ते ४ बार दाबाचे पेट्रोल असते. आणि टर्बो डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत तर हा दाब शेकड्यांमध्ये असल्याने तिथे पाना लावायचाच नाही.

सीएनजीवर मिसिंग, पेट्रोलवर नाही

मुंबई-पुण्याकडे ही तक्रार नित्याची आहे. सीएनजी आणि हवेचे मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला प्लग किंवा थकलेली कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि सीएनजीवर उघडी पडते. म्हणून किटच्या दुरुस्तीकडे धावण्याआधी वरील अदलाबदलीची चाचणी गाडी सीएनजीवर ठेवून करावी. प्लग आणि कॉइल ठीक ठरले तर मग गॅस फिल्टर, गॅस इंजेक्टर आणि किटचे ट्युनिंग यांची पाळी येते, आणि ते सर्व अधिकृत केंद्राचे काम आहे. टाकीतील गॅसचा दाब २०० बारच्या घरात असतो आणि त्या नळ्यांचा एकही जोड घरी सैल करायचा नाही.

आणखी एक दोष सीएनजीवर जास्त धावलेल्या गाड्यांत आढळतो. गॅस कोरडा असल्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा, गॅप कमी होत होत नाहीसा होतो. इंजिन गरम झाले की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि गाडी थंड असताना चांगली, गरम झाल्यावर आयडलला मिसिंग अशी वागते. गॅप आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट नसलेल्या इंजिनांत ठरलेल्या अंतराने टॅपेट सेटिंग करून घेणे हा त्यावरचा उपाय आहे. वेळीच केले नाही तर व्हॉल्व्ह जळतो.

कॉम्प्रेशन तपासणी

ठिणगी, हवा आणि पेट्रोल या सगळ्यांतून सिलिंडर निर्दोष सुटला तर कॉम्प्रेशन गेज भाड्याने किंवा मागून आणावा. इंजिन गरम करून बंद करावे, हाताला सोसेल इतके निवू द्यावे, फ्युएल पंपाचा फ्यूज आणि सर्व कॉइलींचे कनेक्टर काढावेत आणि सर्व प्लग बाहेर काढावेत. गेज एका सिलिंडरला लावून मदतनिसाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा वेळा इंजिन फिरेपर्यंत स्टार्टर मारावा. निरोगी पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १० ते १४ बार येतो. पण नेमक्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधली तफावत महत्त्वाची, आणि सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या तीन-चतुर्थांशापेक्षा खाली नसावा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा स्पष्ट वाढला तर रिंगा गळत आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्या दोघांमधले गॅस्केट गेले असण्याची शक्यता सर्वाधिक. इथून पुढे हेड उघडावे लागते आणि घरची दुरुस्ती संपते. पण कोड, फ्रीझ फ्रेम, कोणती कॉइल कुठे हलवली आणि चारही सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहून गॅरेजमध्ये दिले, तर मेकॅनिकचा अर्धा दिवस आणि गिऱ्हाइकाचे अनावश्यक भाग वाचतात.

दुरुस्तीनंतर

दोष सापडून भाग बदलल्यावर कोड पुसून गाडी आधी थंड सुरू करून पाहावी, मग पूर्ण गरम करून एसी लावून आयडलला ठेवावी, आणि शेवटी चढावर वरच्या गिअरमध्ये भार देऊन चालवावी. दिवा लागला नाही तरी स्कॅनरमध्ये ‘पेंडिंग’ कोड उमटला आहे का ते पाहावे, कारण ईसीयू पहिल्याच चुकीला दिवा लावत नाही. मिसिंग बरेच दिवस चालले असेल तर डिपस्टिक काढून तेलाचा वास घ्यावा. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळते. तेलाची पातळी वाढलेली असेल किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल आणि ऑइल फिल्टर लगेच बदलावे. दुरुस्तीनंतर इंजिन एका लयीत चालते पण गाडी ८० च्या वर दमल्यासारखी होते, असे आढळले तर वितळलेला कन्व्हर्टर वाट अडवून बसला आहे का, हे गॅरेजमध्ये तपासून घ्यावे.